चिंगीचा श्वास

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या घरात बदक ओरडले.

डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, बदक कोठून येणार? हातातली उटण्याची वाटी तशीच ठेवून मी बाहेर आले, तो पलंगाखाली आमची चिंगी मान लांब करून खोकत होती. कुत्र्याने भुंकावे, गुरगुरावे, फार तर रडावे. पण तिच्या गळ्यातून निघणारा तो आवाज थेट बदकाच्या जातीचा होता. खाली अंगणात मुलांनी अनार लावले होते आणि त्यांचा धूर जिन्यातून वर येत होता. “धूर लागला असेल,” असे म्हणून मी यजमानांना तेल लावायला बसले.

त्या वाक्याची मला आज लाज वाटते. कारण तो खोकला त्या पहाटेचा नव्हताच. चार-सहा महिने तो घरात वावरत होता आणि ‘घशात काहीतरी अडकलं असेल’ म्हणून आम्ही सगळे त्याला ओलांडून पुढे जात होतो.

चिंगी म्हणजे पांढऱ्या कापसाचा गोळा. जात पॉमेरेनियन. ती घरात आली त्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केले होते, “या घरात एक तर कुत्रं राहील, नाहीतर मी.” दोघीही राहिल्या. एवढेच नव्हे, तर पुढे दुपारी वरणभात कालवला की पहिला घास चिंगीचा, असा सासूबाईंचा नेम होऊन बसला. अकरा वर्षांत चिंगी सव्वासहा किलोंची झाली. सासूबाईंनी तिला असे लाडावले, तर मला तिला शिस्त लावण्याची हौस. शाळेतली बाई ना मी! सकाळी फडके रोडवर ती पुढे ओढू लागली की गळ्यातल्या पट्ट्याला मी एक हिसका देत असे.

माझी नणंद ठाण्याला नौपाड्यात राहते. तिच्या माहितीतल्या एका डॉक्टरांकडे आम्ही चिंगीला नेले. त्यांनी तिच्या गळ्याला दोन बोटांनी हलकेच दाबले मात्र, बदक ओरडले! “बाई, हिची श्वासनलिका खचते आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी कागदावर एक चित्र काढले. ते मी अजून जपून ठेवले आहे.

कुत्र्याच्या श्वासनलिकेत कूर्चेची ३५ ते ४५ कडी असतात. ती पुरती गोल नसतात. इंग्रजी सी अक्षरासारखी एका बाजूने उघडी असतात आणि पाठीकडची ती उघडी बाजू एका पातळ पडद्याने मिटवलेली असते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा लहान जातींत पुष्कळदा ही कूर्चा मऊ पडत जाते. कडी चपटी होतात, पडदा आत लोंबू लागतो आणि हवेची वाट अरुंद होते. हल्ली सरबताबरोबर कागदाची नळी देतात. ती भिजली की ओढताना आतल्या आत चिकटते ना? तसेच. वाट पाव बुजली तर रोगाची पहिली पायरी, अर्धी बुजली तर दुसरी, पाऊण बुजली तर तिसरी आणि पुरती बुजली की चौथी.

गंमत अशी, की गळ्यातली नळी श्वास घेताना मिटते आणि छातीतली सोडताना. त्यामुळे एक्स-रेचे एक चित्र फसवू शकते. क्ष-किरणांच्या पडद्यावर श्वास चालू असताना पाहावे लागते. चिंगीची तिसरी पायरी निघाली.

“मग ऑपरेशन?” मी विचारले.

“आधी पट्टा काढा,” डॉक्टर म्हणाले. ते सहजच बोलले, पण मला माझे सगळे हिसके एकदम आठवले. गळ्याऐवजी छातीला पट्टा, वजन कमी, धूर नाही, ऊन नाही, फार आनंदही नाही, आणि खोकल्याचे औषध. पुष्कळ कुत्री एवढ्यावरच निभावतात, असे त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून सासूबाईंची उदबत्ती गॅलरीत गेली आणि वरणभाताचा पहिला घास बंद झाला. त्या दोघींतली अधिक दुःखी कोण, हे सांगणे कठीण होते.

चिंगी पाच किलोंवर आली. हिवाळा बरा गेला. मे महिन्यात मात्र एका रात्री वीज गेली, उकाडा वाढला आणि चिंगीचा श्वास अडला. तिची जीभ निळी पडली. सासूबाई तिला वारा घालीत “घे ग बाई, घे ग,” एवढेच म्हणत होत्या. दवाखान्यात प्राणवायू देऊन तिला परत आणले. आता औषध पुरणार नव्हते. डॉक्टरांनी स्टेंटचे नाव काढले.

हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. २०१९ साली सासूबाईंच्या हृदयात स्टेंट बसली. खरे तर स्टेंट हे एका माणसाचे आडनाव. चार्ल्स स्टेंट हा एकोणिसाव्या शतकातला लंडनचा दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने एक लगदा तयार केला. नाव त्याचे राहिले आणि वस्तू बदलत बदलत रक्तवाहिनीत पोहोचली. चिंगीची स्टेंट निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, बारीक जाळीची नळी. ती मिटवून एका सडपातळ नळीत भरतात, भूल देऊन तोंडातून आत नेतात आणि पडद्यावर पाहत जागेवर सोडतात. तेथे ती आपोआप उमलते. कोठे चिरावे लागत नाही. पूर्वीपासूनची दुसरी रीत म्हणजे गळा उघडून श्वासनलिकेला बाहेरून प्लास्टिकची कडी शिवणे. पण ती मुख्यतः गळ्यातल्या भागापुरती, आणि स्वरयंत्राच्या नसेला धक्का लागण्याची भीती असते. स्टेंटलाही दोष आहेतच. सततच्या खोकल्याने ती मोडू शकते, सरकू शकते, तिच्या जाळीत मांस वाढू शकते. “हा रोग बरा करण्याचा उपाय नव्हे, श्वास चालू ठेवण्याचा आहे,” असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

आणि खर्च? हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला सरकारने २०१७ साली मर्यादा घातली. ती सवलत चिंगीला कोठली? आकडा ऐकून यजमान गप्प झाले. माझ्या दोन्ही कादंबऱ्यांचे मानधन मिळवले तरी त्याच्या पायथ्याशी पोहोचत नव्हते. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, म्हातारं कुत्रं ते! माणसांना मिळत नाही हे.”

त्यांचे म्हणणे मला झोपू देईना. कल्याणला माझ्या वर्गात दम्याची एक मुलगी आहे. तिची आई श्वासाचा पंप जपून जपून पुरवते, हे मला ठाऊक होते. मग मी कोणत्या तोंडाने कुत्र्यावर खर्च करावा? पण मध्यरात्री मनाशी खोटे बोलवत नाही. चिंगीवर खर्च केला नसता, तर तो मी त्या मुलीवर केला असता का? नसता. इतके दिवस केला नव्हताच.

सकाळी सासूबाईंनी ट्रंकेतून पोस्टाचे पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. त्यात त्यांनी स्वतःच्या दिवसांसाठी पैसे साठवलेले आहेत, हे घरात सर्वांना माहीत होते. त्यांना कोणीही हात लावायचा नाही, असा दंडक होता.

“आई, हे तर तुमच्या—”

“माझे दिवस घालू नका,” त्या म्हणाल्या. “त्या पैशांत तिचे चार दिवस वाढले तर वाढू देत. मला घातलीत ना स्टेंट? तेव्हा माझं वय कुणी मोजलं का?”

त्यावर कोणाला बोलता आले नाही. उरलेली रक्कम यजमानांनी घातली. जूनमध्ये एका पहाटे आम्ही टॅक्सीने मुंबईला गेलो. एका तासाच्या आत काम झाले. डॉक्टरांनी आम्हांला पडद्यावरचे चित्र दाखवले. काल जेथे दोरा दिसत होता, तेथे आज स्वच्छ नळी होती आणि तिच्यातून हवा जात होती. सासूबाईंनी त्या पडद्याला हात जोडले. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाल्या, “अनुभवाने सांगते, पहिले दोन दिवस जड जातात.”

चिंगी आजही खोकते. औषध जन्माचे आहे. स्टेंट कधी दगा देईल, सांगता येत नाही. पण तिची जीभ गुलाबी आहे आणि जिन्यात यजमानांचे पाऊल वाजले की तिचे शेपूट हलते. कल्याणच्या त्या मुलीचा पंप दर महिन्याला मी आणते. हे मोठेपणासाठी सांगत नाही. चिंगीने माझ्याकडून वसूल केलेला तो दंड आहे, हिशेब पुरा व्हावा म्हणून सांगितले.

यंदाही पहाटे दिवाळी येईल. खिडक्या मिटलेल्या असतील. खालच्या मुलांकडे जाऊन मी अनार मागच्या मैदानात लावण्याची विनंती करून आले आहे. “बाई, चिंगीसाठी ना?” असे म्हणून ती लगेच कबूल झाली.

रात्री आता कधी तो खोकला येतो. पूर्वी मी कूस बदलून झोपत असे. आता जागी होते आणि खोकल्यानंतरच्या श्वासाची वाट पाहते. पलीकडच्या खोलीत सासूबाईही जाग्या असतात. श्वास येतो. मग भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो, “झोप ग आता.” ते चिंगीला म्हणतात की मला, हे मी अजून विचारलेले नाही.