‘मुंग्या नव्हत्या, हात झोपले होते!’

रविवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीत बच्चेकंपनीचा सीझन. घसरगुंडीवरून पडलेले, ट्रॅम्पोलिनवरून उडालेले, बाबांच्या बाइकवर टाकीवर बसून आलेले. आई-बाबांचा प्रश्न एकच, ‘फ्रॅक्चर नाही ना?’ एक्स-रे नॉर्मल निघाला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, लगेच आजीला फोन जातो. माझा मात्र इतक्या पटकन पडत नाही. लहान मुलाच्या मानेचा नॉर्मल एक्स-रे हे भलतंच साळसूद प्रकरण असतं, बॉस!

कारण त्यात हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. मोठ्या माणसाच्या मज्जारज्जूला मार बसला तर बहुतेक वेळा मणकाही मोडलेला किंवा सरकलेला सापडतो. पोरांचं तसं नाही. त्यांचे लिगामेंट सैल, हाडं अजून कच्ची आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं. जोराचा हिसका बसला की मणक्यांची माळ रबरासारखी ताणली जाते आणि गुपचूप जागेवर येते. आतल्या मज्जारज्जूला मात्र तेवढा ताण सोसत नाही. १९८२ साली पँग आणि विल्बर्गर या अमेरिकेतल्या दोन न्यूरोसर्जननी या इजेला नाव दिलं, ‘स्किवोरा’. त्यांनी पाहिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांचे हातपाय लगेच लुळे पडलेच नव्हते. कुणाचे काही तासांनी, कुणाचे तर चार दिवसांनी. पण त्यातल्या बहुतेकांना अपघातानंतर थोडा वेळ मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवून गेला होता.

मागच्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा आला. सोफ्यावरून कोलांटी उडी मारताना मानेवर आपटलेला. दुसरीकडे एक्स-रे नॉर्मल म्हणून सिरप देऊन घरी पाठवलं होतं. आई जरा ओशाळूनच म्हणाली, ‘मॅडम, उगाच तुमचा वेळ घेतेय का?’ पोरगा मोबाइलवर गेम खेळत होता, मान किंचित एका बाजूला. मी विचारलं, ‘पडलास तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या का रे?’

‘मुंग्या नव्हत्या. हात झोपले होते. मग उठले.’

बाबा हसले. मला काही हसू येईना. माझी बोटं दाबायला सांगितली, तर डावी पकड उजवीपेक्षा ढिली. लगेच कॉलर लावली, एमआरआय केला. मानेतल्या मज्जारज्जूला सूज होती. बारा आठवडे कॉलर, सायकल बंद, सोफा तर त्याहून बंद! पकड परत आली. त्या रात्री घरी जाऊन त्याने आणखी एक कोलांटी मारली असती तर काय, हा विचार मी त्याच्या आईसमोर बोलून दाखवला नाही.

पडलेल्या प्रत्येक पोराचा एमआरआय करा, असं मी मुळीच म्हणत नाही. पण मान दुखतेय, वाकडी धरलीय, चाल बदललीय, शी-शूवरचा ताबा गेलाय किंवा पोरगं ‘करंट लागला’, ‘पाय नाहीसे झाले’ असलं काही सांगतंय, तर ते त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. नंतर बरं वाटलं तरी सांगा. कार अपघातात पोटावर सीटबेल्टचा निळा वळ दिसला, तर मी पोटाइतकीच कंबरही नीट बघते, कारण तिथला मणकाही दुखावलेला असू शकतो.

आणि सोसायटीत कुणी मानेवर पडलं, तर उचलून उभं करायची, मान चोळायची घाई नको. जागा सुरक्षित असेल तर आहे तसंच राहू द्या, डोकं न हलवता धरा, १०८ला फोन करा. शेजारच्या काकू बिस्किट घेऊन येतीलच, त्यांना गोड बोलून थांबवा. एमआरआयसाठी गुंगी द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.