सहा जणांची लांबची सफर

कोकणातल्या आमच्यासारख्या घरांत ‘परदेश’ हा शब्द फिरण्याशी नव्हे, पोटापाण्याशी जोडलेला आहे. घरातला एक कमावता माणूस जातो आणि बाकीचे मागे राहतात. आमचे अब्बा सव्वीस वर्षं दम्मामला एका गोदामात नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची रजा, येताना दोरीने आवळलेलं खोकं, त्यावर ठळक अक्षरांत नाव आणि गाव. मधल्या काळात आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटी. खेड तालुक्यातल्या आमच्या गावात अशी घरं मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरणार नाहीत. त्यामुळे आम्ही दोघांनी जेव्हा घरात सांगितलं, की येत्या मे महिन्यात सगळे मिळून तेवीस दिवस तुर्कस्तानला जाऊ या, तेव्हा अब्बांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘तिथे नोकरी कुणाला लागली?’’

नातेवाइकांचेही प्रश्न होते. एवढ्या पैशांत घराचा वरचा मजला उभा राहिला असता, असं दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलं. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. पण अब्बांनी सत्तरी ओलांडली आहे, अम्माचे गुडघे दुखतात. मजला पाच वर्षांनीही बांधता येईल. या दोघांना बरोबर घेऊन चालणं पाच वर्षांनी जमेलच असं नाही. दोघांचा हज अल्लाहच्या मेहरबानीने आधीच झालेला होता. पैसे भिशीतून पाच वर्षं साठवले होते, कुणाचं कर्ज नव्हतं. बिस्मिल्लाह म्हटलं आणि तयारीला लागलो.

परत आल्यापासून ओळखीची बरीच कुटुंबं ‘कसं जमवलंत’ म्हणून विचारतात. सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असली की सफर कशी करावी, हे आम्हांला जसं उमगलं तसं इथे सांगतो.

पहिली गोष्ट, शहरं कमी आणि मुक्काम जास्त. दहा दिवसांत आठ शहरं दाखवणाऱ्या सहली असतात. त्यांत निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि बसमध्ये जातो. आम्ही तीनच शहरं निवडली. इस्तंबूलमध्ये नऊ रात्री, बुर्साला पाच, कोन्याला चार आणि परतीच्या आधी पुन्हा इस्तंबूलला चार. शिवाय तीन दिवस फिरलो की चौथा दिवस मोकळा ठेवायचा, असं ठरवलं होतं. त्या दिवशी कपडे धुवायचे, मुलांनी जवळच्या बागेत खेळायचं, अब्बांनी दुपारी झोपायचं. हा चौथा दिवस होता म्हणूनच तेवीस दिवस निभावले.

कागदपत्रांची सुरुवात दोन-तीन महिने आधी करावी. सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, ते पाहा. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो कधी संपला हे लक्षातही राहत नाही. ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा आहे अशा भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. आपल्यासारख्या इतरांना कागदपत्रं देऊन पासपोर्टवर व्हिसा घ्यावा लागतो. हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी नीट चौकशी करावी. वडीलधाऱ्यांसाठी विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान प्रवासाच्या दोन दिवस आधी, मागून ठेवावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. अम्माला आधी संकोच वाटत होता. पण विमानतळावरून चालण्याचं अंतर पाहिल्यावर तिने स्वतःच खुर्ची ओढून घेतली.

औषधांबाबत कुचराई नको. ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जास्त औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्यावर औषधाचं मूळ नाव. सगळं हातातल्या बॅगेत. अब्बा इन्सुलिन घेतात. ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवू नये, तिथल्या थंडीने गोठून निकामी होऊ शकतं. तुर्कस्तानचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. डोसची वेळ कशी सरकवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं होतं. प्रवासाचा विमा काढताना आधीपासूनच्या आजारांविषयीचं कलम बारीक अक्षरांसकट वाचावं.

राहायला हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. खाण्याच्या हलाल-हरामची तिथे फारशी काळजी नाही, पण तेवीस दिवस बाहेरचं खाणं कुणाच्याच पोटाला मानवत नाही. आम्ही तिखट, हळद आणि गरम मसाला एवढंच नेलं होतं. तांदूळ आणि मसूर तिथे मुबलक मिळतात. मांस किंवा दुधाचे पदार्थ मात्र घरून बांधून नेऊ नयेत, अनेक देशांत त्यांना मनाई असते. बाहेर खायची वेळ आलीच, तर म्हाताऱ्या माणसांसाठी मसुरीचं सूप सगळीकडे मिळतं. लिंबू पिळलं की ते आपल्याच डाळीचं भावंड वाटतं. अम्माची आणखी एक मोठी काळजी पहिल्याच दिवशी मिटली. तिथल्या शौचालयांत पाण्याची छोटी तोटी असते. सार्वजनिक ठिकाणी काही वेळा पैसे द्यावे लागतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवावीत.

नमाजच्या मसल्यांची विचारपूस निघण्यापूर्वीच करून घ्यावी. आपण कोकणातले बहुतेक शाफई, तुर्कस्तानातले बहुतेक हनफी. मुक्काम किती दिवसांचा असला की कस्र सोडून पूर्ण नमाज पढायची, याचा हिशेब दोन्हींकडे वेगळा आहे. शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस, हनफीत पंधरा. गावच्या मौलानांसमोर आमचं वेळापत्रक ठेवलं. त्यांनी इस्तंबूलच्या पहिल्या मुक्कामात आणि बुर्सात पूर्ण, कोन्यात आणि इस्तंबूलच्या शेवटच्या मुक्कामात कस्र, असं सांगितलं. मे महिन्यात तिथे मगरिब सव्वाआठच्या सुमाराला आणि इशा दहाच्या आसपास होते. मुलांना दुपारी झोपवलं नाही तर रात्री हाल होतात.

आता आवडलेल्या जागा. इस्तंबूल चढ-उतारांचं शहर आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये. ट्राम, मेट्रो, बस आणि बोट, सगळ्यांना एकच इस्तंबूलकार्ट चालतं. काराकोयहून टेकडीवर चढवणारी ट्युनेल नावाची जमिनीखालची छोटी रेल्वे १८७५ पासून सुरू आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेनंतर जगात तिचाच नंबर लागतो. धाकट्याला मात्र समुद्राखालून जाणाऱ्या मार्मराय रेल्वेचं वेड लागलं. डोक्यावर मासे आहेत, असं तो डब्यातल्या सगळ्यांना मराठीत सांगत होता.

आयासोफिया ५३७ मध्ये चर्च म्हणून पूर्ण झाली, १४५३ मध्ये मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. नमाजींसाठी खालचा भाग खुला असतो, परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जात जाता येतं. पण आमचं मन रमलं ते सुलेमानिये मशिदीत. मिमार सिनान या वास्तुकाराने ती १५५७ मध्ये पूर्ण केली. तिथे गर्दी कमी, आवार मोठं आणि मागच्या कठड्यावरून खाली अख्खी खाडी दिसते. समोर ओळीने दुकानं आहेत, तिथे पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात मिळतो. अम्मा म्हणाली, ‘‘थोडं खोबरं घातलं असतं तर आपलंच जेवण.’’

तोपकापी राजवाडा मंगळवारी आणि मोठा छताचा बाजार रविवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावेत. मशिदींत जाताना चपलांसाठी कापडी पिशवी जवळ ठेवावी. बायकांची जागा बहुतेक ठिकाणी मागे किंवा वर असते. जिना टाळायचा असेल तर आधीच विचारून घ्यावं.

आमची एक युक्ती सगळ्यांनाच उपयोगी पडेल. घरातल्या प्रत्येकाला एकेक दिवस वाटून दिला होता. त्या दिवशी तो म्हणेल तिथे जायचं, कुरकुर करायची नाही. बारा वर्षांच्या लेकीचा दिवस इस्तंबूलच्या मांजरांमागे गेला. तिथे गल्लोगल्ली मांजरं असतात आणि दुकानदार त्यांच्यासाठी खाणं-पाणी ठेवतात. अम्माने अय्यूब सुलतान निवडलं. मदिनेत हुजूर (स.) ज्यांच्या घरी उतरले होते त्या हजरत अबू अय्यूब अन्सारींची (रजि.) कबर तिथे आहे. अम्मा तिथे दोन तास बसून होती, तिला कुणी उठवलं नाही. अब्बांनी काही पाहायचंच नाही म्हणून सांगितलं. एमिनोनूहून उस्कुदारला जाणाऱ्या बोटीत बसले, वीस मिनिटांत युरोपातून आशियात. उतरले, चहा घेतला, पुन्हा बोटीत. असे दिवसभरात चार वेळा त्यांनी पाणी ओलांडलं. इतकी वर्षं समुद्राकाठच्या शहरात काढून नुसतं बसून पाणी पाहायला वेळ मिळाला नव्हता, एवढंच ते म्हणाले.

बुर्साला आम्ही बोटीने गेलो. एमिनोनूहून मुदान्याला साधारण दोन तास, पुढे बस. उस्मानी सुलतानांची ही जुनी राजधानी रेशमासाठी प्रसिद्ध. तिथली उलू जामी मशीद १३९९ मध्ये पूर्ण झाली. वीस घुमट आणि मशिदीच्या आत मधोमध वजूचा हौद. नमाजीच्या कानांत पाण्याचा आवाज येत राहतो. उन्हातून आत आलं की पाय आपोआप मंदावतात.

याच मशिदीजवळच्या बाजारात एका दुपारी अब्बांना घाम सुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली होती. खिशातल्या गोळीपर्यंत आमचा हात पोचायच्या आत एका कापडवाल्याने खुर्ची पुढे केली, चहाबरोबर असतात ते साखरेचे दोन चौकोनी खडे अब्बांच्या तोंडात घातले आणि मुलाला पिटाळून फळांचा रस आणवला. त्याला आपली भाषा येत नव्हती. तो फक्त ‘गेचमिश ओल्सुन’ म्हणत राहिला. म्हणजे, हे दुखणं सरून जावो. अर्ध्या तासाने अब्बा सावरले. पैसे द्यायला गेलो तर तो रागावला.

त्या रात्री जेवताना अब्बा आपणहून बोलले. दम्मामला एकदा तापाने चार दिवस खोलीवर पडून होते. सोबतचे सगळे पाळीवर गेलेले. उशाशी पाण्याची बाटली, आणि उठून ती घ्यायलाही ताकद नाही. त्या आठवड्यातल्या कॅसेटमध्ये त्यांनी ‘इकडे सगळं खुशाल’ असंच सांगितलं होतं. अम्मा ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘ती कॅसेट माझ्याजवळ आहे. तेव्हाच वाटलं होतं, आवाज बसलेला आहे.’’ तीस वर्षांत आमच्या घरात न निघालेलं हे बोलणं बुर्साच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात, मसूर-भाताच्या ताटांवर निघालं. मुलंही ऐकत होती. दादांनी परदेशात काय केलं, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बुर्साहून बसने एस्किशहिर आणि तिथून वेगवान रेल्वेने कोन्या. मौलाना जलालुद्दीन रूमी १२७३ मध्ये इथेच वारले. त्यांच्या मजारीवरचा फिरोजी-हिरवा घुमट दुरूनही ओळखू येतो. कोन्या सपाट आणि निवांत आहे, अम्माला ते चालायला सगळ्यांत सोपं गेलं. तिथून रेल्वेने साडेचार-पाच तासांत इस्तंबूल.

तुर्की भाषेची धास्ती बाळगू नये. हवा, दुकान, मैदान, साबण, तारीख हे शब्द थोड्याफार फरकाने तिथेही आहेत. मुलांना चार वाक्यं शिकवून न्यावीत. काम करत असलेल्या माणसाला ‘कोलाय गेल्सिन’, म्हणजे काम सोपं जावो. जेवण रांधणाऱ्याला ‘एलिनिझे सालिक’, म्हणजे हातांना आरोग्य लाभो. आमच्या धाकट्याने हे म्हटलं, की लोक हातातलं काम टाकून त्याच्याशी बोलायला येत. आणि अम्माला जो तो ‘तेयझे’, म्हणजे खाला, अशी हाक मारी. मुलांच्या खिशात राहत्या घराचा पत्ता आणि फोन नंबर तुर्कीत लिहिलेलं कार्ड ठेवावं. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, हे रोज सकाळी ठरवून निघावं.

तुर्कस्तानलाच जायला हवं असं काही नाही. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ठिकाण ठरेल. आमचं सांगणं एवढंच, की लांबची सफर करायची असेल तर वेग घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाचा धरा, आणि ते माणूस चालू शकतं तोवर निघा.

अम्माने परत आल्याच्या महिन्यातच नवी भिशी लावली आहे. कशासाठी, हे ती सांगत नाही. पण परवा नातीला नकाशात समरकंद आणि बुखारा शोधायला लावलं होतं. अब्बांनी या वेळी नोकरीचं काही विचारलं नाही. इन्सुलिनसाठी थंड पिशवी जरा मोठी घ्यायला हवी, एवढंच म्हणाले. इन्शाअल्लाह.