टास्कबारवरचा टिळा

रविवार, ११ जून २०२३
मोतीबिंदू काढून महिना झाला, तरी अप्पांना स्टार्टचं बटण सापडत नाही. "काळ्यावर पांढरी एवढीशी खिडकी! ते आधीचं बरं होतं, हिरवंगार." म्हणजे विंडोज एक्सपीचं. या मशीनवर विंडोज १० आहे. "शेंदरी करून देतो," असं बोलून बसलो.

सोमवार, १२ जून
ही हौस २०११ मध्ये विंडोज ७ वर एकदा फिटली आहे. बटणाचं चित्र एक्सप्लोररच्या फाईलच्या पोटात असतं. फाईलची मालकी स्वतःकडे घेऊन मी चित्र बदललं, मशीन पुन्हा चालू केलं, तर ना टास्कबार, ना आयकॉन, नुसता वॉलपेपर. कंट्रोल-आल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजर उघडला आणि जपून ठेवलेली मूळ फाईल जागेवर नेली, तेव्हा जीव भांड्यात पडला. सिस्टिमच्या फाईलला हात लावायचा नाही, हे तेव्हाच ठरलं.
आज ओपन-शेल टाकलं. पूर्वीचं क्लासिक शेल ते हेच. मूळ कर्त्याने २०१७ मध्ये हात काढून घेतला, दुसऱ्यांनी पुढे चालवलं. डिस्कवरची फाईल तशीच राहते. चालू एक्सप्लोररमध्ये शिरून ते बटणाच्या जागी आपलं चित्र दाखवतं.

बुधवार, १४ जून
शेंदरी चौकोनात पांढऱ्या अक्षरात 'सुरू' लिहून पीएनजी लावलं. बटणावर नुसती शिरोरेघ! माउस वर नेला की अक्षरांचं पोट, दाबलं की उकार. चित्राचे उभे तीन भाग धरतात, हे विसरलोच होतो: वरचा एरवीचा, मधला माउस आल्यावरचा, खालचा दाबल्यावरचा. मग ४० पिक्सेल रुंद, १२० उंच पट्टी केली. तीन चौकोन, तीन छटा. उकार तळाशी कापला जात होता, म्हणून अक्षरं तीनदा वर सरकवली. रात्रीचे साडेअकरा.

शनिवार, १७ जून
मागे खरंच काही बिघडलं नाही ना, हे बघायला ओपन-शेल बंद केलं. पांढरी खिडकी जशीच्या तशी हजर.
"टिळा का पुसलास रे?" अप्पा मागे उभे.
पुन्हा चालू केलं. "उकार दिसतो ना नीट?"
"कसला उकार? त्यावर काही लिहिलंय होय?"