तिरपं ऊन

नवा कॅमेरा हातात आला की पहिला प्रश्न पडतो, आता जायचं कुठे? लडाख, हंपी, ताडोबा अशी नावं सुचवणारे लगेच भेटतात. मला विचाराल तर पहिला हिवाळा घरापासून पायी जाता येईल तेवढ्याच टापूत काढावा. माझं घर पुण्यात कोथरूडला. त्यामुळे माझा टापू म्हणजे वेताळ टेकडी, उतरताना लागणारी चहाची टपरी आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पेटणारी वॉचमनची शेकोटी.

घराजवळ फोटो काढणं म्हणजे काही कमीपणा नव्हे. कॅमेऱ्याने टिपलेलं आणि आज टिकून असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र फ्रान्सच्या निसेफोर निएप्सने १८२६-२७च्या सुमारास काढलं, ते त्याच्याच घराच्या खिडकीतून. दिसतात ती शेजारची छपरं. एक्सपोजर इतकं लांबलं की तोवर सूर्य आभाळ ओलांडून गेला, आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर एकाच चित्रात ऊन पडलं. प्रागचा योसेफ सुदेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला होता. १९४० पासून पुढे कितीतरी वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचे थेंब, पलीकडे बागेतलं वाकडं झाड, एवढाच त्याचा ऐवज.

आणि हिवाळाच का? कारण आपल्याकडे मे महिन्यात ऊन डोक्यावरून कोसळतं. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी उभ्या काठीला सावली नसते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. एक मीटर काठीची सावली तेव्हा ९० सेंटिमीटर भरते. म्हणजे दिवसभर ऊन थोडंफार तिरपंच. आणि तिरप्या उन्हातच वस्तूला आकार येतो. शिवाय जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. नवशिक्याला याहून मोठी सवलत कुठली?

टेकडीवर मी एक काटेसावर धरून ठेवली आहे. हिवाळ्यात तिची पानं गळतात आणि खोडावरचे जाड, शंकूसारखे काटे उघडे पडतात. ऊन माझ्या पाठीमागून पडलं की ते काटे खोडात विरून सपाट दिसतात. तेच ऊन कडेने आलं की प्रत्येक काट्याला स्वतःची सावली मिळते आणि खोडावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. सूर्य झाडामागे गेला की काटे नाहीसे होतात, उरते आभाळावरची काळी रेघारेघांची जाळी. झाड तेच, लेन्स तीच, उभी राहायची जागा बदलली एवढंच. फिरायला येणारे एक काका एकदा थांबले.

‘‘मोर बघितलात का? मगाशी खाणीपाशी होता.’’

‘‘नाही हो काका, मी या झाडाचा काढतेय.’’

‘‘त्याला तर पानंही नाहीत!’’

पानं नाहीत म्हणूनच तर काढत होते. मोर समोर आला की सगळं लक्ष मोराकडे जातं आणि उजेडाकडे कुणी बघत नाही. निष्पर्ण झाडाकडे दाखवायला उजेडाखेरीज काही नसतं, म्हणून ते जास्त शिकवतं. फेब्रुवारीत त्याच फांद्यांवर लाल फुलं येतात, मैना आणि भोरड्या भांडायला लागतात. तोपर्यंत ऊन कुठल्या बाजूने हवं हे पायांना कळलेलं असतं.

थंडीच्या सकाळी टेकडीवरून खाली पाहिलं तर शहर दिसत नाही. रात्री थंड, जड हवा सखल भागात उतरून बसते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं आणि धुकं, धूर, धूळ सगळं खालीच अडकतं. जवळच्या इमारती गडद, त्यामागच्या फिकट, त्याहून मागच्या फक्त अंदाजाने. खोली दाखवायला एरवी खटपट करावी लागते, ती इथे आयती मिळते. मात्र कॅमेऱ्याचा मीटर समोरचं जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरं धुकं दिसलं की तो त्याला करडं करून टाकतो. तेव्हा एक्सपोजर एक स्टॉप वाढवायचं. आभाळावर बसलेल्या काळ्या कोतवालासाठीही वाढवायचं, नाहीतर पक्ष्याचा ठिपका होतो. फोनवरही हे जमतं: पडद्यावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी वर सरकवायची.

टपरीवरच्या चहाची वाफ म्हणजे दुसरा धडा. ऊन वाफेच्या मागून यायला हवं आणि त्याहीमागे काहीतरी काळोखं हवं, टपरीचा काळवंडलेला पत्रा चालतो. मागे उजळ आभाळ आलं की वाफ गायब. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, कुत्र्याच्या कानाची लव, गवताचे तुरे, सगळ्यांना हाच नियम लागू.

शेकोटीपाशी गोष्ट वेगळी. तिथे उजेड थोडा आणि चंचल. लेन्स पूर्ण उघडायची, आयएसओ ३२०० पर्यंत न्यायचा, शटर १/६० च्या खाली शक्यतो जाऊ द्यायचं नाही. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असला तर कॅमेरा ज्वाळेचा तांबडेपणा दुरुस्त करायला धावतो आणि शेकोटीची ऊब निघून जाते. तो ‘डेलाइट’वर ठेवला की चेहरे शेकल्यासारखे दिसतात. पण त्याआधी एक काम असतं.

‘‘मामा, फोटो काढू का?’’

‘‘काढा की ताई. थांबा, मफलर नीट करतो.’’

मफलर नीट होतो आणि मामा फोटोसाठी ताठ बसतात. मग आपण कॅमेरा खाली ठेवून हात शेकत बसायचं. मामा पाण्याच्या टँकरबद्दल तक्रार करू लागले की खरा चेहरा परत येतो. प्रवासात भेटलेल्या माणसाचा फोटो काढून पुढे निघून जाता येतं. घराजवळचा माणूस उद्याही भेटणार असतो. त्यामुळे विचारूनच काढावा लागतो आणि एक प्रिंट नेऊन द्यावी लागते. मामांना सगळ्यांत आवडला तो मफलर नीट केलेलाच फोटो. मीही तोच मोठा करून दिला.

दूरच्या ठिकाणी देखावाच इतका भरभरून असतो की फोटो बरा आला तर तो आपल्यामुळे की हिमालयामुळे, हे सांगता येत नाही. घराजवळच्या टेकडीवर असा गोंधळ नसतो. आजचा फोटो कालच्यापेक्षा चांगला आला, तर फरक उजेडाचा तरी असतो किंवा आपल्या निर्णयाचा तरी, आणि कशाचा ते शोधून काढता येतं.

तेव्हा कॅमेरा असो वा फोन, यंदा डिसेंबरात घराजवळचं एक झाड निवडा. सकाळी, दुपारी, सांजेला त्याच्याभोवती फिरा. ऊन समोरून, कडेने, मागून कसं दिसतं ते बघा आणि होळीपर्यंत झाड बदलू नका. लडाखचं तिकीट त्यानंतर काढा.