निरोप्याचा धर्म

‘निरोप्या’ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यात फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०३ साली आपल्या मराठी मासिकाला हेच नाव दिले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. एवढ्या थोर पुरुषाला इतका साधा शब्द का भावला असावा, असे मला लहानपणी वाटे. कारण आमच्या घरात या शब्दाला एक जुनी कळ चिकटलेली होती.

माझे आजोबा त्याच जिल्ह्यातले. गावगाड्यात मर्तिकाचा निरोप परगावी पोहोचवण्याचे काम ज्यांच्या माथी मारले जाई, त्यांपैकी ते एक. रात्री-अपरात्री हुकूम येई आणि ते काठी घेऊन कोसन्‌कोस चालत निघत. निरोप सांगायचा तो उंबऱ्याबाहेर उभे राहून, आणि तसेच तहानलेले परत फिरायचे. या अपमानाविषयी ते फारसे बोलत नसत. पण निरोप कसा द्यावा, याविषयी मात्र त्यांचे मत ठाम होते : त्यात पदरचे काही घालायचे नाही, आणि वाटेत त्यातले काही गिळायचेही नाही.

पुढे गुरुविद्यालयात लॅटिन शिकताना ‘नुन्सिउस’ हा शब्द समोर आला. त्याचा अर्थ निरोप्या. पोपमहोदयांच्या राजदूताला ‘नुन्सिओ’ म्हणतात, ते यावरूनच. राष्ट्रपतिभवनात मानवंदना स्वीकारून अधिकारपत्र सादर करणारे आर्चबिशप आणि उंबऱ्याबाहेर उभे राहणारे माझे आजोबा एकाच शब्दात बसतात, हे मी त्या दिवसापासून विसरू शकलेलो नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त कान्ह्यात घडले. मावळातील या गावाच्या आसपास कारखान्यांच्या नोकरीनिमित्त स्थिरावलेली आपली काही कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या घरी मिस्सा झाल्यावर चहा घेताना एका तरुणाने विचारले, “फादर, संत पेत्र मासे धरणारा कोळी. त्याच्या गादीला राजदूत कशाला हवेत? प्रभू येशूने कुठे वकील नेमले होते?”

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याच्या जन्मदात्रीने तर पुढे जाऊन म्हटले, “आमच्या पोराला फादर व्हायला पाठवले आणि तो असा साहेब झाला तर?” या माउलीला उत्तर देणे मला अगत्याचे वाटले.

वकील हा शब्द आपल्याकडे पूर्वी राजदूतासाठीच वापरीत. पेशवाईत दरबारोदरबारी वकील असत. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषितकार्याचे वर्णन करताना मराठी बायबलात ‘वकिली’ हाच शब्द आला आहे. कान्ह्याच्या शेजारचे स्टेशन वडगाव. तेथे जानेवारी १७७९ मध्ये कोंडीत सापडलेल्या इंग्रज सैन्याने मराठ्यांशी तह केला. पण मुंबईकर इंग्रजांनी तो मागाहून अमान्य केला. दूताच्या शब्दामागे पाठवणारा उभा राहिला नाही तर कागदाची किंमत शून्य होते, हे मावळच्या मातीला ठाऊक आहे. आणि दूताने धन्याचा शब्द बाजूला ठेवून स्वतःचा चालवला, तर गत तीच.

नुन्सिओला दोन उंबरे असतात. एक त्या देशाच्या सरकारचा, दुसरा त्या देशातील ख्रिस्तसभेचा. १९८३ च्या धर्मसंहितेत दुसरा उंबरा आधी सांगितला आहे : स्थानिक ख्रिस्तसभा आणि रोम यांच्यातील ऐक्य दृढ करणे हे त्याचे मुख्य काम. एखाद्या धर्मप्रांताला नवा बिशप हवा असतो, तेव्हा बिशप, धर्मगुरू आणि प्रसंगी प्रापंचिक यांच्याकडे गोपनीय विचारपूस करून तीन नावे रोमला कळवण्याची जबाबदारी त्याचीच. म्हणजे रोमचा निरोप आपल्याकडे येतो, तसा आपलाही निरोप रोमला जातो.

आता एका माणसाचे आयुष्य पाहू. कार्डिनल आयव्हन डायस यांचा जन्म १४ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत, वांद्र्याला झाला, घराणे गोव्याचे. ८ डिसेंबर १९५८ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही वर्षांनी त्यांना रोमच्या परमधर्मपीठीय अकादमीत पाठवण्यात आले. १७०१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पोपमहोदयांचे दूत तयार होतात. १९६४ च्या डिसेंबरात सहावे पोप पॉल मुंबईच्या युखरिस्त महोत्सवाला आले, त्या भेटीच्या तयारीत या तरुण धर्मगुरूचाही हातभार होता. मग स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्कर अशी फिरती सुरू झाली. १९ जून १९८२ रोजी ते आर्चबिशप झाले आणि घाना, टोगो व बेनिन या देशांत पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९८७ साली दक्षिण कोरियात त्यांची नेमणूक झाली.

येथपर्यंतचा वृत्तांत ऐकून त्या माउलीची शंका मिटली नसती. साहेबच तो! पण १९९१ साली त्यांना आल्बेनियात पाठवण्यात आले, आणि तेथे या पदाचा खरा कस लागला.

आल्बेनियाच्या साम्यवादी राजवटीने १९६७ साली धर्मालाच बंदी घातली होती. दोन हजारांहून अधिक चर्चे, मठ आणि मशिदी बंद झाल्या. श्कोदर शहरातील कॅथेड्रलचे क्रीडागृह झाले. फादर श्तयेफेन कुर्ती या वृद्ध धर्मगुरूंना एका बालकाला बाप्तिस्मा दिल्याबद्दल देहदंड झाला. मदर तेरेसा मूळच्या आल्बेनियन. त्यांची आई व बहीण तिराना शहरात वारल्या, पण शेवटची भेट काही घडू शकली नाही. १९९१ च्या सप्टेंबरात त्या देशाशी परमधर्मपीठाचे संबंध पुन्हा जुळले आणि पुढच्याच महिन्यात नुन्सिओ म्हणून आपल्या मुंबईच्या माणसाचे नाव जाहीर झाले. आल्बेनियाची लेक कलकत्त्याच्या गल्ल्यांत राबत होती, आणि वांद्र्याचा पुत्र आल्बेनियाला गेला. देवाचा हा देवाणघेवाणीचा हिशेब मला फार हृद्य वाटतो.

कल्पना करा, वाचकहो. ज्या देशात एकही बिशप आपल्या पीठावर नाही आणि उरलेले धर्मगुरू तुरुंगांतून, श्रमछावण्यांतून जर्जर होऊन बाहेर आले आहेत, तेथे राजदूताने काय करायचे? १९९२ पासून डायस यांच्यावर दक्षिण आल्बेनियाच्या प्रशासकाचीही जबाबदारी आली. म्हणजे दूताच्या हाती मेंढपाळाची काठीही आली. २५ एप्रिल १९९३ रोजी दुसरे पोप जॉन पॉल स्वतः तेथे गेले आणि श्कोदरच्या त्याच कॅथेड्रलमध्ये त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. पुढच्या वर्षी मिकेल कोलिकी या ब्याण्णव वर्षांच्या साध्या धर्मगुरूंना कार्डिनलपद मिळाले. त्यांच्या आयुष्याची कित्येक दशके बंदिवासात गेली होती. अशा पोळलेल्या लोकांना रोमकडून एकच निरोप पोहोचवायचा होता : तुम्ही विसरले गेलेला नाहीत. तो तारेने पोहोचत नाही. तो घेऊन माणसाला जावे लागते आणि तेथे राहावे लागते.

नोव्हेंबर १९९६ मध्ये ते मुंबईचे आर्चबिशप म्हणून नेमले गेले. पस्तीसेक वर्षे दुसऱ्यांच्या देशांत काढून माणूस स्वतःच्या गावी आला. २००१ साली ते कार्डिनल झाले आणि २००६ साली पुन्हा सामान आवरून रोमला गेले. तेथे मिशन प्रदेशांच्या ख्रिस्तसभेची जबाबदारी त्यांनी २०११ पर्यंत वाहिली. १९ जून २०१७ रोजी रोममध्येच त्यांचे देहावसान झाले. आर्चबिशपपदाची दीक्षा मिळाल्याला त्या दिवशी बरोबर पस्तीस वर्षे झाली होती.

त्या माउलीची भीती निराधार होती, असे मी म्हणणार नाही. राजवाड्यांचा सहवास, पदोन्नतीची शिडी, मेजवान्या यांत धर्मगुरूचा साहेब होऊ शकतो. हे ओळखूनच पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये अकादमीच्या विद्यार्थ्यांना आपल्या धर्मप्रांताबाहेर एक वर्ष मिशनकार्य सक्तीचे केले. दुसऱ्या बाजूला आर्चबिशप मायकेल कोर्टनी आहेत. हे आयरिश नुन्सिओ बुरुंडीतील यादवीत शांततेसाठी झटत होते. २९ डिसेंबर २००३ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एकाच पदाच्या या दोन वाटा आहेत. कोणती धरायची, ते पद ठरवीत नाही.

मी ज्या पेपल सेमिनरीत शिकलो, ती १९५५ साली पुण्याला आली. पण तिची स्थापना १८९३ साली कँडीत झाली, ती आर्चबिशप झालेस्की या पोपमहोदयांच्या पोलिश प्रतिनिधींच्या हातून. भारताच्या सुपुत्रांनीच भारतात धर्मकार्य करावे, हा तेरावे पोप लिओ यांचा निरोप घेऊन हा दूत आला आणि त्याने शाळा बांधली. निरोप उंबऱ्याबाहेरून परत फिरणाऱ्या माणसाच्या नातवापर्यंत आला, आणि आज तो नातू वेदीपाशी उभा आहे. कान्ह्याच्या तरुणाला मी हेच सांगितले. दूत नसते तर पेत्राचा शब्द माझ्या घरापर्यंत आला नसता.

आजोबांची शिकवण आता मला प्रवचनाच्या आधी आठवते. दर काही वर्षांनी बदलीचे पत्र येते, तेव्हाही आठवते. लोक हळहळतात, मलाही घर सोडल्यासारखे वाटते. पण निरोप्याने मुक्कामात जीव गुंतवायचा तो माणसांपुरता, जागेपुरता नाही. आणि हे केवळ धर्मगुरूंसाठी आहे असे कोणी समजू नये. ‘मिस्सा’ हा शब्दच मुळी पाठवणीचा आहे. रविवारी वेदीवरून ‘जा’ असे सांगितले जाते, तेव्हा कारखान्यात, लोकलच्या डब्यात, शेजारच्या आजारी म्हातारीकडे कोणाला पाठवले आहे, हे ज्याचे त्याने ओळखायचे आहे. पदरचे घालायचे नाही, आणि वाटेत काही गिळायचे नाही.