स्पे नदीचे म्हातारे शिंपले

स्कॉटलंडला गेलेला माणूस एडिनबरोचा किल्ला बघतोच. तिथे काचेमागे स्कॉटिश राजांचा मुकुट आहे. 1540 साली पाचव्या जेम्स राजासाठी तो नव्याने घडवला. त्यावर स्कॉटलंडच्या नद्यांतले मोती आहेत. मोती म्हणजे समुद्रातला, अशी आपली समजूत. पण हे गोड्या पाण्यातले. ते होतात तरी कुठे बघावे म्हणून मुलीला घेऊन आगगाडीने उत्तरेला ॲव्हीमोरला गेले. गावाला लागूनच स्पे नदी वाहते. जून महिना, तरी पाण्यात बोटं घातली तर बधिर झाली!

शिंपला मात्र दिसला नाही. त्याला हात लावणे 1998 पासून गुन्हा आहे. चोरांच्या भीतीने नेमकी जागाही कोणी सांगत नाही. मोती आत आहे की नाही ते बाहेरून कळत नाही, म्हणून एका मोत्यासाठी शेकडो शिंपले फोडून टाकत. आमच्या कोकणात ओहोटीला शेजारणी तिसऱ्या काढायला जात. पर आणि खवले नसलेली मासळी आपल्याकडे चालत नाही, म्हणून आम्ही पोरं नुसत्या रिकाम्या शिंपल्यांशी खेळायचो.

बाळांनो, हा काळा शिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो बरं का! दिवसाला 50 लिटरपर्यंत पाणी गाळून स्वच्छ करतो. पण त्याचं बाळपण फार कठीण. उन्हाळ्यात मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडते, अगदी धुळीच्या कणाएवढी. त्यांना लगेच लहान सॅमन किंवा ट्राऊट माशाचे कल्ले धरावे लागतात, नाहीतर मेली. कल्ल्यांत ती हिवाळा काढतात. मी बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षे काढली, अपुऱ्या दिवसांची मुलं काचेच्या पेटीत ठेवायचो, अगदी तसंच. माशाला त्याचा त्रास होत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गळून पडतात. खाली स्वच्छ वाळू-खडे हवेत. शेतातला गाळ साचला असेल तर गुदमरतात.

म्हणून बऱ्याच नद्यांत आता म्हातारेच उरलेत. वरून नदी भरलेली दिसते, पण पोर एकही नाही. (आपल्या मराठी कार्यक्रमांतल्या खुर्च्या आठवल्या.) त्यातून मासाही कमी झाला, 2023 साली ब्रिटनचा सॅमनसुद्धा धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेला.

डी नदीच्या काठी झाडे लावली आहेत, सावलीने पाणी थंड राहावे म्हणून. इंग्लंडमध्ये विंडरमियर तळ्याकाठी 2007 पासून वेगवेगळ्या नद्यांतले शिंपले टाक्यांत सांभाळतात. पिल्लं माशांच्या कल्ल्यांना लावतात, गळाली की गोळा करून वाढवतात, मग नदीत सोडतात. नदीत जन्मलेली पिल्लं तर पहिली काही वर्षे वाळूतच पुरलेली असतात. जगली की नाही ते कळायला पाचेक वर्षे थांबावे लागते.