विचारणे आणि सांगणे



वाक्याचे विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी व उद्गारार्थी असे प्रकार आपण या घटकात अभ्यासले. दोन गुणांच्या प्रश्नापुरता हा भाग पाठ करून पुढे जाण्याची पद्धत आहे. मीही अनेक वर्षे तो तसाच शिकवला. परंतु प्रश्नार्थी आणि विधानार्थी वाक्यांतील भेदावर एखाद्या माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे अवलंबून असू शकतात, हे मला धाराशिवच्या अभ्यासकेंद्रात भरलेल्या एका संपर्कसत्रात उमगले. तो प्रसंग तुम्हाला सांगावासा वाटतो.

त्या वर्गात एक पोलीस हवालदार होते. नोकरीच्या विसाव्या वर्षी त्यांनी मराठी विषय घेऊन पदवीसाठी नाव नोंदवले होते. मागच्या बाकावर तिशीतल्या एक ताई बसत. सत्र संपल्यावर ताई थांबल्या आणि पिशवीतून एक जाडजूड फाईल काढून म्हणाल्या, "सर, यातली भाषा मला समजावून सांगाल का?"

फाईल त्यांच्या धाकट्या भावाच्या खटल्याची होती. तो मालमोटारीवर क्लीनर होता. पुणे-हैदराबाद महामार्ग आपल्या जिल्ह्यातून नळदुर्ग, उमरगा ओलांडून पुढे जातो. त्या रस्त्यावरील एका ढाब्यासमोर त्याची अंगझडती झाली व पँटच्या खिशातून अमली पदार्थाची पुडी निघाली, असा सरकारपक्षाचा दावा होता. विशेष न्यायालयाने त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली होती. त्याविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे प्रलंबित होते.

हा खटला ज्या कायद्याखाली चालला, त्याचे मराठी नाव 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' असे आहे. ठाण्यात आणि न्यायालयात सर्वजण त्याला 'एनडीपीएस' म्हणतात. या कायद्यातील शिक्षा कठोर आहेत. पदार्थ व्यापारी प्रमाणात सापडल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा होते. मेफेड्रोनच्या, म्हणजे ज्याला 'एमडी' म्हणतात त्याच्या बाबतीत, हे प्रमाण अवघे पन्नास ग्रॅम आहे. शिवाय ताबा सिद्ध झाला की आरोपीचा गुन्हेगारी हेतू कायदा गृहीत धरतो. तो नव्हता, हे आरोपीने सिद्ध करायचे असते.

अशा कायद्यात कलम ५० आहे. अंगझडती घेण्यापूर्वी त्या व्यक्तीने मागणी केल्यास तिला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे न्यावे, असे ते सांगते. 'मागणी केल्यास' हे शब्द नीट पाहा. हा हक्क त्या व्यक्तीला सांगावा, असे कलमात स्पष्टपणे लिहिलेले नाही. पण जो हक्क आपल्याला आहे हेच ठाऊक नाही, त्याची मागणी माणूस करणार कशी? 'पंजाब राज्य विरुद्ध बलदेवसिंह' या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हीच अडचण ओळखली आणि हक्क सांगणे हे झडती घेणाऱ्याचे कर्तव्य ठरवले. २०१० साली 'विजयसिंह जडेजा' खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने हे कर्तव्य काटेकोरपणे पाळले पाहिजे, असे म्हटले. ते पाळले गेले नाही, तर झडतीत मिळालेला मुद्देमाल संशयास्पद ठरतो आणि केवळ त्यावर उभी असलेली दोषसिद्धी टिकत नाही. मात्र हे अंगझडतीपुरते आहे. पिशवी किंवा वाहन यांच्याच झडतीला हे कलम लागू होत नाही.

ताईंच्या फाईलमध्ये मूळ पंचनामा मराठीत होता. त्यात वाक्य होते : 'सदर इसमास राजपत्रित अधिकारी अगर दंडाधिकारी यांचे समक्ष झडती द्यावयाची आहे काय असे विचारले असता त्याने नको म्हणून सांगितले.' आपल्या जिल्हा न्यायालयाचे काम मराठीत चालते, उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. त्यामुळे अपिलासाठी कागदपत्रांचा इंग्रजी अनुवाद झाला होता. त्या अनुवादात हेच वाक्य 'त्यास त्याचा हक्क समजावून सांगण्यात आला व त्याने तो नाकारला' अशा अर्थाने उतरले होते.

मूळ वाक्य प्रश्न होता. अनुवादात त्याचे विधान झाले होते. 'विचारले' या क्रियापदाच्या जागी 'सांगितले' आले आणि मुळात कुठेही नसलेला 'हक्क' हा शब्द अनुवादकाच्या हातून आत शिरला. त्याने हे मुद्दाम केले असेल, असे मला वाटत नाही. चांगल्या इंग्रजीत असे वाक्य शोभते, म्हणून त्याने ते लिहिले असावे. पण 'के. मोहनन विरुद्ध केरळ राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच भेद केला होता : झडती अधिकाऱ्यासमोर हवी आहे का, एवढेच विचारणे म्हणजे तसा हक्क आहे हे कळवणे नव्हे.

भाषाविज्ञानात आपण म्हणतो की बोलणे ही कृती असते. इंग्रज तत्त्वज्ञ ऑस्टिन यांनी ही कल्पना मांडली. प्रश्न विचारणारा उत्तर मागत असतो, तर हक्क सांगणारा काहीतरी देत असतो. रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला चार पोलिसांच्या मध्ये उभा असलेला मुलगा 'झडती साहेबासमोर द्यायची का?' हा प्रश्न ऐकतो, तेव्हा त्याला त्यात संरक्षण दिसत नाही, आणखी एक साहेब दिसतो. तो 'नको' म्हणतो.

हवालदार दाराशी थांबून हे ऐकत होते. ते आत आले. त्यांच्या आवाजात चीड होती. "सर, एका वाक्यापायी आरोपी सुटायचा का? आमची एक केस अशीच अपिलात गेली. पाऊस चालू, पंच मिळेनात, नमुना बघून लिहिलं. शेवटी तांत्रिक मुद्द्यावर सुटला. माझ्या गल्लीतली दोन पोरं या पुडीनं वाया गेली, त्यांचं काय?"

त्यांचे म्हणणे मला झटकून टाकता आले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तामलवाडीजवळ पोलिसांनी एमडी पकडले, तेव्हा तुळजापूरचे नाव राज्यभर चर्चेत आले होते. आपल्या अंगणात काय आले आहे, हे तेव्हा सगळ्यांनाच कळले. 'तांत्रिक मुद्दा' हा शब्द मीही वर्तमानपत्र वाचताना अनेकदा वापरला आहे. मी काही बोलण्याआधी ताईच म्हणाल्या, "भाऊ, त्यानं ते जवळ बाळगलं होतं की नाही, मला खरंच ठाऊक नाही. त्याच्यावर माझा राग आहेच. पण त्याला नीट सांगितलं होतं का, एवढं तरी कळू द्या."

हवालदार गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग सर, लिहायचं कसं?"

आम्ही तिघांनी फळ्यावर ते वाक्य लिहायला घेतले. हवालदारांचा पहिला मसुदा पाच ओळींचा, एकाच पूर्णविरामाचा होता. ताई म्हणाल्या, "राजपत्रित म्हणजे काय, ते माझ्या भावाला कळणार नाही." मग 'उदाहरणार्थ, तहसीलदार' हे शब्द आले. 'अधिकार' की 'हक्क', यावर बोलणे झाले. 'अधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा अधिकार' या रचनेत अधिकार नेमका कोणाचा, असा गोंधळ होतो, म्हणून 'हक्क' घेतला. 'तुम्हाला' या शब्दापाशी मी त्यांना थांबवले. मराठीत 'तुम्ही' एकाला आदराने म्हणतात आणि अनेकांनाही म्हणतात. २०१४ साली 'राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद' या खटल्यात दोन आरोपींना मिळून हक्क सांगणे पुरेसे नाही, प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणून आधी त्या माणसाचे नाव घ्यायचे ठरले. शेवटी फळ्यावर एवढे उरले :

'तुमच्या अंगाची झडती घ्यायची आहे. ती दंडाधिकाऱ्यासमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, उदाहरणार्थ तहसीलदारासमोर, घ्या असे म्हणण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. तुम्ही तसे म्हणालात, तर तुम्हाला तिकडे न्यावेच लागेल. समजले का? आता सांगा, काय करायचे?'

हा कायद्याचा अधिकृत नमुना नव्हे, भाषेचा स्वाध्याय आहे. पण त्यात प्रश्न सर्वांत शेवटी येतो, सांगून झाल्यावर. हवालदारांनी तो वहीत उतरवून घेतला आणि म्हणाले, "असं लिहिलं असतं, तर आमची केस टिकली असती." नेमके तेच मला सांगायचे होते. ज्या वाक्याने निरपराध माणसाला संरक्षण मिळते, तेच वाक्य खऱ्या गुन्हेगाराची शिक्षा अपिलात टिकवते. त्याला तांत्रिक म्हणणे मी त्या दिवसापासून सोडले.

अनुवादातील फरक वकिलांच्या नजरेस आणून द्या, असे मी ताईंना सुचवले आणि दोन्ही वाक्ये समोरासमोर लिहून दिली. हे लिहीत असताना अपील प्रलंबितच आहे. त्याचा निकाल काय लागावा, हे सांगणे माझे काम नाही. पंचांना खरोखर काय ऐकू आले, हे पुराव्यावरूनच ठरेल.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत लिहिते, कोणी दवाखान्यात संमतीपत्रावर सही घेते, कोणी बँकेत अर्ज भरून देते. समोरच्या माणसाला त्याचा हक्क आपण सांगितला की नुसतेच विचारले, एवढे एकदा तपासून पाहा. या घटकाचा स्वाध्याय तोच आहे.